टाकीचा घाव आणि नाण्याचे मोल : नाण्यावरील हस्तकोरीव कामाची समीक्षा (अहिल्यानगर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी असते. ती पाषाणातील मूर्तीविषयी आहे असे आपण धरून चालतो. परंतु या म्हणीतील टाकी ज्या कुळातील आहे तो संस्कृत ‘टंक’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. त्याचा एक अर्थ पाथरवटाची छिन्नी असा असून दुसरा अर्थ नाणे असा आहे. ‘टांकसाळ’ म्हणजे टंकशाला. कोरण्याचे साधन आणि कोरलेली वस्तू यांना एकच नाव देणाऱ्या भाषेने नाणे ही मुळात हाताने कोरलेली वस्तू आहे, ही गोष्ट आपल्यापुरती नोंदवून ठेवली आहे. आपल्या अभ्यासाने मात्र ती विस्मरणात टाकली आहे, असे खेदाने म्हणावे लागते.

नाण्यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बहुतेक लेखन राजाचे नाव, राज्यारोहणाचे वर्ष, धातू, वजन आणि टांकसाळ या पाच रकान्यांत मावते. राजकीय इतिहासाची साधने म्हणून नाण्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु ज्या हाताने ते अक्षर, तो चंद्र, तो बिंदू लोखंडावर उलटा कोरला, त्या हाताला या रकान्यांत जागा नाही. प्रस्तुत लेखकानेही एम.फिल.च्या काळात नाणी पाहिली ती नावे आणि सनावळ्या टिपण्यासाठीच. पुढे मराठीचा अध्यापक म्हणून वर्गात अक्षराचे वळण शिकवताना एका विद्यार्थ्याने शेतात सापडलेली शिवराई आणून दाखविली. ती नीट ‘दिसावी’ म्हणून घरच्यांनी चिंचेने व नंतर भांडी घासण्याच्या पावडरीने घासून लख्ख केली होती. तांबे चमकत होते. ‘श्री’ची वेलांटी मात्र निघून गेली होती. राजाचे नाव अद्याप वाचता येत होते, म्हणून पाच रकान्यांच्या दृष्टीने काहीच बिघडले नव्हते. जे गेले ते कोरणाऱ्याचे होते. सदर लेखाचा विचार तेथून सुरू झाला.

लेखाची व्याप्ती आणि निकष

नाण्यावर हाताने नक्षी कोरण्याच्या कलेचे तीन प्रकार येथे विचारात घेतले आहेत. पहिला, नाणे पाडण्याच्या ठशावरील कोरीव काम. दुसरा, तयार नाण्यावर नंतर उमटविलेली खूण अथवा नवा ठसा. तिसरा, नाण्याचे नाणेपण सोडवून त्याचा दागिना, देवाचा टाक अथवा स्मरणवस्तू करणे. पाश्चात्य देशांत प्रत्यक्ष नाण्यावर छिन्नीने चित्र कोरण्याची जी परंपरा आहे, तिचाही तुलनेपुरता निर्देश केला आहे. उदाहरणे शक्य तेथे अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पर्यंतचे अधिकृत नाव अहमदनगर) आणि लगतचा गोदावरीचा प्रदेश येथील घेतली आहेत.

समीक्षेसाठी चार निकष स्वीकारले आहेत. (१) अवकाशाचे भान : एवढ्याशा वर्तुळात काय घ्यायचे आणि काय सोडायचे याचा निर्णय. (२) रेषेची निश्चितता : पोलादावर मारलेला घाव पुसता येत नाही, म्हणून रेषेतला आत्मविश्वास. (३) अक्षराचे वळण : लिपीची जाण आणि लेखनाची सवय. (४) पूर्वरूपाशी नाते : आधीच्या आकृतीचा आदर, विरोध अथवा उपेक्षा. हे निकष कागदावरील चित्राला लावतात तसे येथे लावता येत नाहीत, कारण ठशाचा कारागीर उलटे कोरतो आणि त्याचे काम दुसऱ्याच्या हातोड्याखाली सुलटे होते. ही मर्यादा सतत ध्यानात ठेवली पाहिजे.

ठसा : अनामिकाची कला

हातोड्याने नाणे पाडण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवीत, त्यावर वजन केलेली धातूची चकती ठेवीत, वर दुसरा ठसा धरून घण मारीत. वरचा ठसा प्रत्यक्ष घाव सोसतो म्हणून लवकर झिजतो वा तडकतो. त्यामुळे तो पुन्हा पुन्हा कोरावा लागे. एकाच राजाच्या एकाच वर्षाच्या नाण्यांत जे वैविध्य दिसते त्याचे एक कारण हे आहे. आजच्या टांकसाळीत एका मूळ नमुन्यावरून असंख्य ठसे यंत्राने तयार होतात. त्या काळी प्रत्येक ठसा हे स्वतंत्र हस्तलिखित होते.

या कारागिराला इतिहासाने नावानिशी ओळखल्याचे उदाहरण विरळा. अबुल फजल याच्या ‘आईन-इ-अकबरी’त टांकसाळीतील कामगारांची जी यादी आहे, तीत ठसे कोरणाऱ्या दिल्लीच्या मौलाना अली अहमदचे नाव येते. उत्तम सुलेखनकारांच्या कित्त्याच्या तोडीची अक्षरे तो पोलादात कोरतो, अशी त्याची प्रशंसा तेथे आहे. ही प्रशंसा समीक्षेच्या दृष्टीने बोलकी आहे. अकबराच्या दरबाराने ठसेकाराची तुलना लोहाराशी केली नाही, सोनाराशीही केली नाही; ती सुलेखनकाराशी केली. नाणे हे लेखन आहे, हा निर्णय त्या दरबाराने दिला होता.

आपल्या परिसरात निजामशाहीची स्थापना मलिक अहमदने १४९० मध्ये केली आणि १४९४ मध्ये शहर वसविले. या घराण्याची जी तांब्याची नाणी प्रामुख्याने मिळतात त्यांत मुर्तझा निजामशहा पहिला (१५६५ ते १५८८) याच्या काळापासूनची नाणी आढळतात. अहमदनगर आणि बुऱ्हाणाबाद ही टांकसाळींची नावे त्यांवर येतात. या नाण्यांवर चित्र नाही, चेहरा नाही. आहे ती केवळ अक्षरे. ठसा मोठा आणि चकती लहान असल्यामुळे कोणत्याही एका नाण्यावर संपूर्ण मजकूर सहसा उमटत नाही. रकान्यांच्या दृष्टीने हा दोष होय. पहिला निकष लावून पाहिले तर वेगळेच ध्यानात येते. चकतीवर मजकुराचा कोणता भाग येईल हे घण मारणाऱ्याच्या हाती आहे, हे कोरणारा जाणून असतो. म्हणून तो अक्षरांचे उभे दंड लांबवितो, आडव्या अक्षरांचे ताणलेले पट्टे एकावर एक रचतो. त्यामुळे तुकडा जरी उमटला तरी तो रचनेचा तुकडा वाटतो. तांब्याचे हे नाणे बाजारातील सामान्य माणसाचे होते. सोन्याच्या मोहरेवर कारागिराने कष्ट घ्यावेत यात नवल नाही. भाजी विकत घ्यायच्या पैशावरही रचनेचा विचार दिसतो, ही त्या कारागिराची थोरवी होय.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या ताब्यात गेला आणि पुढे येथील टांकसाळीतून मुघल बादशहांची चांदीची नाणी निघाली. घराणे बदलले म्हणजे ठसेकारही बदलले असे गृहीत धरण्याचे कारण नाही. बदललेले नाव आणि टिकून राहिलेले वळण यांचा एकत्रित अभ्यास व्हावयास हवा.

शिवराई : अशुद्धलेखन की हस्ताक्षर?

६ जून १६७४ रोजी रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही त्या सार्वभौमत्वाची दोन नाणी. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्रपति’ आणि भोवती बिंदूंचे वर्तुळ, एवढीच तिची मांडणी. होनाचा व्यास दीड सेंटीमीटरपेक्षाही कमी आहे. त्या जागेत देवनागरीची वेलांटी, काना आणि जोडाक्षर बसविणे हे पहिल्या निकषाची कठोर परीक्षा घेणारे काम आहे. फारसी अक्षर लांबवता येते, एकावर एक चढविता येते. देवनागरी शिरोरेषेखाली लटकते व मात्रा-वेलांट्यांसाठी वर जागा मागते. शिवराईच्या कारागिराने ओळी तोडल्या, ओळींमध्ये आडव्या रेषा दिल्या आणि प्रत्येक ओळीस आपला मजला दिला. फारसी वळणाच्या नाण्यांच्या प्रदेशात देवनागरी नाण्याची मांडणी घडविणे ही केवळ राजकीय घटना नव्हती. ती दृश्यकलेतील घटनाही होती. तिची दखल आपल्या कलासमीक्षेने घेतलेली नाही.

शिवराई पुढे दीर्घकाळ पाडली गेली आणि तिच्यावरील अक्षरांत ‘शिव’, ‘सिव’, ‘शीव’, ‘सीव’, तसेच ‘छत्रपति’ व ‘छत्रपती’ अशी रूपे दिसतात. संग्राहकांनी या भेदांच्या याद्या परिश्रमपूर्वक केल्या आहेत आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. परंतु या भेदांचे स्पष्टीकरण बहुधा ‘कारागीर अशिक्षित होते’ एवढ्या एका वाक्यात केले जाते. हे वाक्य आळसाचे आहे. त्या काळी दप्तरातील नित्याची लिपी मोडी होती आणि मोडीत इकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सामान्यतः पाळला जात नाही. मोडीची सवय असलेल्या हाताला ‘शिव’ आणि ‘शीव’ यांत निवड करताना शुद्धाशुद्धतेचा प्रश्न पडला नसणार. जागा कोठे आहे एवढेच त्याने पाहिले असणे शक्य आहे. ‘श’ आणि ‘स’ यांची अदलाबदल दख्खनी बोलीत आजही ऐकू येते. म्हणजे ज्याला आपण अशुद्धलेखन म्हणतो त्यात लिपीची सवय, बोलीचा उच्चार आणि अवकाशाची गरज या तीन गोष्टी एकवटल्या आहेत. मराठीच्या अभ्यासकाला यापेक्षा मोलाची सामग्री कोणती हवी?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक चूक ही शैली नसते. कारागीर उलटे कोरताना घसरतो आणि एखादे अक्षर नाण्यावर आरशातल्यासारखे उमटते. त्याला कलात्मक हेतू चिकटविणे हास्यास्पद ठरेल. मग फरक कसा करावा? त्यासाठी एकाच ठशाची अनेक नाणी शेजारी ठेवून पाहावीत. एखादी विशिष्ट वेलांटी सर्वांवर तशीच असेल तर ती ठशातील, म्हणजे कोरणाऱ्याची. ती एकावर आहे आणि दुसऱ्यावर नाही असे असेल तर ती घणाची, चकतीची अथवा झिजेची. आणि वेगवेगळ्या ठशांवर तेच वळण पुन्हा पुन्हा दिसले, तर त्याला एका हाताचे अथवा एका शाळेचे वळण म्हणता येईल. पाठचिकित्सेत हस्तलिखितांची कुळे लावतात तीच ही पद्धत होय. ती आपल्या महाविद्यालयीन अभ्यासक्रमात आहे. नाण्यांना लावण्याचे तेवढे राहून गेले आहे.

दुसरा घाव : जोगळटेंभीचा साठा

तयार नाण्यावर पुन्हा ठसा मारण्याचे भारतातील एक ठळक उदाहरण आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील आहे. जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यात सुमारे १३,२५० नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या नाण्यावर एका बाजूस मुखवटा, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र. सातकर्णीच्या ठशात एका बाजूस तीन कमानींचा चैत्य वा पर्वत आणि त्याखाली नागमोडी रेषा, दुसऱ्या बाजूस ‘उज्जैन चिन्ह’ या नावाने ओळखली जाणारी आकृती.

इतिहासकारांनी या साठ्यावरून दोन राजांची समकालीनता आणि विजयाची हकिकत सिद्ध केली. ते योग्यच झाले. समीक्षकाला त्यात आणखी दोन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट चेहऱ्यांची. साठ्याचा सविस्तर अभ्यास प्रथम करणारे रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांना नहपानाच्या नाण्यांवरील चेहरे एकमेकांपासून इतके भिन्न वाटले, की ते एकाच व्यक्तीचे नसावेत असा तर्क त्यांना करावा लागला. चेहरे निरनिराळे आहेत, तर राजेही निरनिराळे असले पाहिजेत, हा त्यामागील विचार. चेहरे निरनिराळे आहेत कारण कोरणारे हात निरनिराळे आहेत, ही शक्यता तितक्याच सहजपणे का सुचू नये? नाणे म्हणजे राजाचे, हा समज किती खोल मुरलेला असतो याचे हे उदाहरण आहे. ज्या कारागिराने राजाला कदाचित कधी पाहिलेही नसेल, त्याने आधीच्या ठशावरून नाक, ओठ, हनुवटी उचलली आणि नकळत आपल्या ओळखीचा चेहरा त्यात मिसळला, असे घडणे स्वाभाविक आहे.

दुसरी गोष्ट पूर्वरूपाशी असलेल्या नात्याची. सातकर्णीला ही चांदी वितळवून नवी नाणी पाडता आली असती. त्याने ती वितळवली नाहीत. परिणामी अनेक नाण्यांवर पर्वताच्या कमानीखालून जुन्या राजाचे नाक अथवा डोळा डोकावतो. कारागिरी म्हणून पाहिले तर हे काम घाईचे आहे. ठसा कोठेही पडला आहे, रेषा एकमेकींत गुंतल्या आहेत. दुसऱ्या निकषावर ते उतरत नाही. चौथ्या निकषावर मात्र त्याला तोड नाही. पराभूताला पुसून टाकण्यापेक्षा त्याच्यावर लिहिणे, आणि तो खाली असल्याचे दिसू देणे, यात जो अर्थ आहे तो कोऱ्या चकतीवर कितीही सफाईने कोरले तरी आला नसता. कारागिरीची सफाई आणि कृतीचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या साठ्यावरून शिकता येते.

याच वर्गात सराफांच्या खुणा येतात. मुघल व मराठा काळातील रुपये हातोहात फिरत असताना सराफ त्यांची पारख करून आपापली बारीक खूण ठोकीत. फूल, तारा, चांदणी, एखादे अक्षर अशा त्या खुणा असतात. संग्राहक अशा नाण्याची किंमत कमी धरतात. वस्तुतः ती खूण म्हणजे त्या नाण्याने केलेल्या प्रवासाची आणि मिळविलेल्या विश्वासाची नोंद आहे. वाचकाने समासात टिपणे केलेली पोथी आपण फेकून देत नाही, उलट जपतो.

चोंडीची लेक आणि बेलाचे पान

चौथ्या निकषावर सर्वात परिपक्व वाटणारे उदाहरण या जिल्ह्याच्या नव्या नावाशी निगडित आहे. जामखेड तालुक्यातील चोंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळात महेश्वर येथून कारभार केला. त्यांच्या महेश्वर टांकसाळीच्या रुपयांवर मजकूर फारसीत आहे आणि नाव दिल्लीचा बादशहा शाहआलम दुसरा याचे आहे. त्या काळी मराठी सरदारांच्या बहुतेक टांकसाळी असेच करीत, कारण बाजारात विश्वास त्या नावाला होता. पण त्या फारसी अक्षरांच्या दाटीत शिवलिंग आणि बेलाचे पान कोरलेले आहे.

ही खूण लहान आहे. ती बादशहाचे नाव झाकत नाही, त्याच्यावर घाव घालीत नाही. जोगळटेंभीच्या ठशाप्रमाणे येथे जयघोष नाही. अक्षरांच्या वळणांमध्ये मोकळी राहिलेली जागा कारागिराने शोधली आणि तीत बेलाची तीन दले बसविली. फारसी अक्षराची गोलाई आणि पानाची गोलाई एकमेकींना परकी वाटत नाही. चलनाचा व्यवहार बादशहाच्या नावे, कारभार मात्र महादेवाच्या चरणी, असा जो अर्थ त्या पानातून निघतो तो सांगण्यासाठी एकही अक्षर वापरलेले नाही. पेशव्यांच्या अंकुशी रुपयावरील अंकुश, इंदूरच्या मल्हारनगर टांकसाळीच्या रुपयावरील सूर्य हीदेखील अशीच चिन्हे होत. परंतु अंकुश सत्ता सांगतो, सूर्य तेज सांगतो; बेलाचे पान मात्र स्वतःकडे लक्ष न वेधता निष्ठा सांगते. अहिल्याबाईंच्या चरित्राविषयी आपल्याकडे भरपूर गौरवपर लेखन होते. त्या कारभाराचे स्वभावचित्र तिच्या अनाम ठसेकाराने एका पानात रेखाटले आहे, इकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

पुतळी आणि टाक : नाण्याचे दुसरे आयुष्य

मराठी घरातील पुतळ्यांची माळ आजही लग्नकार्यात निघते. पुतळी हे मुळात सोन्याचे नाणे होते. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातील नाण्यांच्या यादीत पुतळीचा उल्लेख येतो. हे नाणे व्हेनिस येथील डुकाटच्या कुळातले. १२८४ पासून पाडल्या गेलेल्या डुकाटवर एका बाजूस संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख आणि दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या लंबवर्तुळात उभा येशू असे. व्यापाराबरोबर ते भारतात आले, त्याच्या शुद्ध सोन्यावर लोकांचा विश्वास बसला आणि येथील सोनारांनी त्याच्या प्रतिकृती घडविल्या.

या प्रतिकृती समीक्षकाला मेजवानी आहेत. लॅटिन अक्षरे न येणाऱ्या सोनाराने ती अक्षरे म्हणून न पाहता नक्षी म्हणून पाहिली. म्हणून भोवतीचा मजकूर नुसत्या उभ्या-आडव्या रेघांचा झाला. मानवी आकृत्यांचे झगे सुटले, अंगे बारीक झाली, डोकी बिंदू झाली. हळूहळू परदेशी संत लोपला आणि उरली ती ‘पुतळी’, म्हणजे केवळ आकृती. नावानेच ही प्रक्रिया पूर्ण केली. याला भ्रष्ट नक्कल म्हणावे की रूपांतर? साहित्यात आपण अनुवाद आणि रूपांतर यांत भेद करतो आणि चांगल्या रूपांतराला स्वतंत्र कृतीचा मान देतो. तोच न्याय येथे लावला पाहिजे. मात्र आजची यंत्राच्या दाबाने पातळ पत्र्यावर उमटविलेली पुतळी त्या मानाला पात्र नाही. तिच्यातील आकृती हजारो वेळा तीच आहे आणि रेषेत निर्णय कोठेच नाही.

देवघरातील टाकांचे नाते याच कलेशी आहे. खंडोबा, भवानी, बहिरोबा, वीर अशा कुलदैवतांचे चांदीच्या पत्र्यावरील टाक सोनार ठशावर ठोकून घडवितात. पिढ्यानपिढ्या झिजलेला टाक ‘उजळून’ घेण्याची अथवा मोडीत घालून नवा करण्याची रीत आहे. घोड्याच्या एका रेषेत धाव दाखविणारे जुने ठसे आणि त्यांवरचे टाक या रीतीपायी आटणीत जात आहेत. श्रद्धेला नवा टाक चालतो, कारण देव तोच असतो. कलेला तो चालत नाही, कारण हात तो नसतो. या दोहोंमध्ये मार्ग काढता येईल. मोडीत घालण्यापूर्वी जुन्या टाकाचे स्वच्छ छायाचित्र घेणे आणि मेणावर त्याचा छाप घेऊन ठेवणे हे कोणत्याही कुटुंबाला शक्य आहे.

प्रत्यक्ष नाण्यावरील छिन्नी : पाश्चात्य परंपरा

नाण्याला ठशाखाली न घालता थेट छिन्नीने त्यावर चित्र कोरण्याची प्रथा युरोप-अमेरिकेत विकसित झाली. ऑस्ट्रेलियास हद्दपार होणाऱ्या ब्रिटिश कैद्यांनी तांब्याचे पेनी घासून सपाट करून त्यांवर प्रियजनांसाठी निरोप कोरविले. १९०३ च्या पेनीवर सातव्या एडवर्डच्या चेहऱ्यावर ‘स्त्रियांना मताधिकार’ या मागणीची इंग्रजी अक्षरे एकेक ठोकलेले नाणे ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अमेरिकेत १९१३ मध्ये जेम्स अर्ल फ्रेझर यांनी घडविलेले पाच सेंटचे नाणे निघाले. त्यावरील मूळनिवासी पुरुषाचा मोठा, ठसठशीत चेहरा कोरणाऱ्यांना फार सोयीचा ठरला. रेल्वेच्या मालगाड्यांतून कामाच्या शोधात भटकणाऱ्या मजुरांनी त्याचे डर्बी टोपीवाले, दाढीवाले, विदूषकी चेहरे केले आणि जेवणाच्या वा निवाऱ्याच्या मोबदल्यात ते दिले. बर्ट वीगंड आणि त्याच्याकडून ही कला शिकलेला ‘बो’ ह्यूज ही त्यातील गाजलेली नावे.

हे काम चार निकषांवर तपासता त्याचे बळ चौथ्या निकषात दिसते. उत्तम कारागीर मूळ चेहऱ्याचे कान, गाल, मानेचा उंचवटा कायम ठेवतो आणि थोडेच काढून दुसरा माणूस निर्माण करतो. एवढ्याशा धातूत भर घालता येत नाही, फक्त कमी करता येते. त्यामुळे संयम हा येथे सौंदर्यगुण ठरतो. आमच्या बेलाच्या पानाचा कारागीर आणि तो अमेरिकेचा भटका यांच्यात समुद्राचे अंतर आहे. दिलेल्या नाण्यात आपली जागा शोधणे ही वृत्ती मात्र एक आहे. फरक एवढाच की, त्याचे नाव जगाने विचारले. आमच्याचे आम्ही विचारले नाही.

आक्षेप आणि उत्तर

पहिला आक्षेप असा की, नाण्यावर कोरणे ही विद्रूपीकरणाची भलामण ठरेल. तसे नाही. भारताच्या २०११ च्या नाणे अधिनियमात नाण्याचा पृष्ठभाग वा आकार कापून, घासून अथवा ठोकून बदलणे यास विद्रूप करणे म्हटले आहे आणि नाणे वितळवणे वा नष्ट करणे यास मनाई आहे. आजच्या चलनावर छिन्नी चालवा असे प्रस्तुत लेखक सुचवीत नाही. हात आजमावायचा असेल त्याने तांब्या-पितळेची कोरी चकती घ्यावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याचे नाव माहीत नाही, हेतू माहीत नाही, त्याची समीक्षा कशी करणार? परंतु ओवीची, लोककथेची, लेण्यातील शिल्पाची समीक्षा आपण करतोच. कर्ता अनाम असला तरी कृती अनाम राहत नाही. तिचे वळण तिचे नाव असते.

तिसरा आक्षेप असा की, झिजलेल्या पैशावर एवढा विचार लादणे म्हणजे राईचा पर्वत करणे होय. यास उत्तर इतकेच की, सामान्य माणसाच्या हाती पडणारी, तो रोज पाहणारी, त्याच्या घामाच्या मोबदल्यात येणारी कोरीव कलाकृती त्या काळी ही एकच होती. लेणी पाहण्यास प्रवास करावा लागे. पोथी वाचण्यास अक्षरओळख लागे. नाणे मात्र कनवटीला असे.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. नाण्यावरील हस्तकोरीव काम ही लेखन आणि शिल्प यांच्या सीमेवरील कला आहे. तिची समीक्षा अवकाश, रेषा, वळण आणि पूर्वरूपाशी असलेले नाते या निकषांवर करता येते. या निकषांवर निजामशाही पैशातील रचना, शिवराईतील देवनागरीची मांडणी आणि महेश्वरच्या रुपयावरील बेलाचे पान ही श्रेष्ठ उदाहरणे ठरतात. जोगळटेंभीचा ठसा सफाईत उणा असला तरी अर्थाने मोठा आहे. यंत्राची पुतळी केवळ आकाराची आठवण आहे.

यातून काही कर्तव्येही निघतात. शेतात नाण्यांचा साठा सापडल्यास १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे, ही गोष्ट ग्रामीण विद्यार्थ्यांना महाविद्यालयाने सांगितली पाहिजे. घरातील जुने नाणे चिंच, लिंबू वा पावडरीने घासू नये. त्यावरील काळसर थर हा मळ नसून बहुधा त्याचे संरक्षक कवच असते. अहमदनगर ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आणि नाशिकजवळील अंजनेरीची नाणेसंशोधन संस्था यांच्याकडे विद्यार्थ्यांना राजांची नावे पाठ करण्यासाठी न नेता, भिंग हाती देऊन एका वेलांटीचे पाच नमुने रेखाटण्यासाठी न्यावे. मराठी, इतिहास आणि चित्रकला या तीन विभागांनी एकत्र येऊन करण्याजोगा हा लहान प्रकल्प आहे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही.

ज्या विद्यार्थ्याची शिवराई घासून गेली, त्याने पुढे तिचे रेखाचित्र काढले. ‘श्री’ची वेलांटी नव्हती तेथे त्याने ठिपक्यांची रेषा दिली आणि खाली लिहिले : ‘येथे हात होता.’ नाणेशास्त्राच्या सहाव्या रकान्याला याहून योग्य शीर्षक प्रस्तुत लेखकास सुचलेले नाही.